सर्वसाधारण विमा एजंटची परीक्षा: व्याख्या पाठ करण्याआधी एवढं वाचा

‘आयसी-३८ काय, सोपी असते,’ असं मला चार जणांनी सांगितलं होतं. आयसी-३८ म्हणजे हीच विमा एजंटची परीक्षा. कागदावर ती सोपी आहेच. ५० प्रश्न, एक तास, प्रत्येक प्रश्नाला पर्याय दिलेले, चुकलं तर गुण कापत नाहीत आणि ३५ टक्क्यांना पास. म्हणजे १८ उत्तरं बरोबर आली की झालं. पहिल्या वेळी माझी १६ आली.

व्याख्या सगळ्या तोंडपाठ होत्या, पण प्रश्नात व्याख्या विचारत नाहीत. तिथे कुणाचं तरी गोदाम जळालेलं असतं, कुणी गाडी विकलेली असते, कुणी एकाच घराचे दोन विमे काढलेले असतात, आणि खाली विचारलेलं असतं की आता कंपनी किती देईल किंवा इथे कोणतं तत्त्व लागू होतं. दुसऱ्या वेळी मी क्रम उलटा केला. आधी पैशाचा हिशेब समजून घेतला, मग नावं लावली. तोच क्रम इथे देतो आहे. हा लेख सर्वसाधारण विम्यासाठी आहे, म्हणजे आग, मोटार, सागरी, दायित्व वगैरे. आयुर्विम्याची तयारी करणाऱ्यांना अर्धाच उपयोगी पडेल.

१. आधी कंपनी, मग परीक्षा

सरकारी भरतीसारखा फॉर्म आपणच भरून परीक्षेला बसायचं, असा माझा समज होता. तसं नसतं. तुम्ही ज्या विमा कंपनीचे एजंट होणार ती कंपनी तुमचा अर्ज घेते, तुमची नोंदणी करते, प्रशिक्षण देते आणि परीक्षेला बसवते. वय १८ पूर्ण आणि शिक्षण किमान दहावी उत्तीर्ण, एवढी अट. सर्वसाधारण विम्यासाठी २५ तासांचं प्रशिक्षण.

हे जवळ ठेवा:

- दहावीची गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र
- पॅन कार्ड (त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही)
- आधार
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- रद्द केलेला चेक, पुढे कमिशन जमा व्हायला
- भरलेला नमुना १-ए, म्हणजे एजन्सीचा अर्ज

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावावरून. पॅनवर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिलांना याचा फार त्रास होतो. माझ्या गटातल्या एका ताईंची परीक्षा केवळ यामुळे लांबली. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत पहिल्याच दिवशी अर्जाला जोडा.

दुसरा अडथळा जुन्या एजन्सीचा. एका माणसाला एक आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी एवढ्यांचं काम करता येतं. एकाच प्रकारचा विमा करणाऱ्या कंपन्यांचं गणित वेगळं, तिथेही प्रत्येक प्रकारात एकच. पूर्वी कधी मित्राच्या आग्रहाखातर कुठे सही केली असेल तर ती एजन्सी पॅनवर अजून दिसते. ती आधी रीतसर बंद करून घ्या.

प्रशिक्षण ऑनलाइन असेल तर ‘पुढे, पुढे’ दाबत तास भरायचा मोह होतो. मी तेच केलं होतं आणि १६ गुणांत त्याचा मोठा वाटा होता.

२. मराठी माध्यम घेतलंत तर दोन रकाने आखा

परीक्षा मराठीतून देता येते आणि द्यावी. फक्त पुस्तकातली मराठी आणि कार्यालयातली मराठी या दोन वेगळ्या भाषा आहेत. शिकवणारे सर ‘सबरोगेशन’ म्हणतात, पुस्तकात ‘प्रत्यासन’ असतं. सर ‘प्रॉक्झिमेट कॉज’ म्हणतात, छापलेलं असतं ‘आसन्न कारण’. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत असतं, पण शब्दच ओळखीचा वाटत नाही.

वहीचं एक पान घ्या. डावीकडे तुमच्या पुस्तकातला शब्द, उजवीकडे सर म्हणतात तो. पंचवीस-तीस शब्दांत काम होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त हे पान वाचा. खाली मी दोन्ही शब्द वापरले आहेत.

३. नुकसानभरपाईपासून सुरुवात करा

पुस्तकात विमायोग्य हितसंबंध आधी येतो आणि नुकसानभरपाई, म्हणजे इंडेम्निटी, नंतर. तुम्ही उलट वाचा. बाकीची निम्मी तत्त्वं हिच्याच रखवालीला ठेवलेली आहेत.

तत्त्व असं: नुकसान होण्याच्या आदल्या क्षणी माणूस आर्थिकदृष्ट्या जिथे होता तिथे त्याला परत आणायचं, त्याच्या एक रुपयाही पुढे नाही. म्हणून कुठलाही प्रश्न समोर आला की मनात एवढंच विचारा, ‘या गोष्टीत कुणाला नफा होतोय का?’ होत असेल, तर तो अडवणारं कोणतं तरी तत्त्व हेच उत्तर असतं.

पाच वर्षं वापरलेला फ्रिज जळाला तर नव्या फ्रिजची किंमत मिळत नाही, घसारा वजा होतो. मोटारीत हा घसारा ठरलेला आहे आणि त्यावर हमखास प्रश्न येतो. गाडीच्या विम्याची रक्कम म्हणजे आयडीव्ही. त्यासाठी उत्पादकाच्या यादीतल्या विक्री किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के वजा होतात. त्यापुढे कंपनी आणि ग्राहक मिळून ठरवतात.

सुट्या भागांचा तक्ता वेगळा आहे, दोन्हींची गल्लत करू नका. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांना ५० टक्के, फायबर ग्लासला ३० टक्के, काचेला शून्य. समजा अपघातात ८,००० रुपयांचा प्लॅस्टिकचा बंपर गेला आणि ६,००० रुपयांची पुढची काच फुटली. बंपरचे ४,००० आणि काचेचे पूर्ण ६,००० मिळून १०,००० होतात. गाडी १५०० सीसीपर्यंतची खासगी कार असेल तर सक्तीचे १,००० रुपये ग्राहकाने सोसायचे. हातात येतात ९,०००. सरावाला असली दहा गणितं करा. ही गणितं येणाऱ्याला पुढे ग्राहकाला तोंड देणंही सोपं जातं, कारण ‘बिल चौदा हजारांचं, मग दिले नऊच कसे?’ हा प्रश्न तुम्हाला आयुष्यभर ऐकायचा आहे.

याला अपवाद आहेत आणि परीक्षेत अपवादच जास्त विचारतात. माणसाच्या जिवाची किंमत ठरवता येत नाही, म्हणून आयुर्विमा आणि वैयक्तिक अपघात विमा हे नुकसानभरपाईचे करार नाहीत, तिथे ठरलेली रक्कम मिळते. आरोग्य विम्यात रुग्णालयाचं बिल भरणारी पॉलिसी नुकसानभरपाईची, पण रोज ठरावीक रक्कम देणारी हॉस्पिटल कॅश तशी नाही. सागरी विम्यात मालाची किंमत आधीच ठरवून घेतात. पुनर्स्थापना मूल्याच्या पॉलिसीत जुन्याच्या बदल्यात तसंच नवं उभारायचा खर्च मिळतो.

घराच्या बाबतीत एक गैरसमज इतका पक्का आहे की मीही त्यात होतो. ‘माझा फ्लॅट ऐंशी लाखांचा आहे, ऐंशी लाखांचा विमा द्या.’ पण आगीत जमीन जळत नाही. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत इमारतीची रक्कम काढतात ती चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर अशी. बाजारभावाचा इथे संबंध नाही.

४. कमी रकमेचा विमा: हे गणित येणारच

रखवालीची दुसरी बाजू ही. एखाद्याने हप्ता वाचवायला २० लाखांच्या मालाचा १२ लाखांचाच विमा काढला. आग लागली, ५ लाखांचं नुकसान झालं. तो म्हणतो, ‘पाच माझ्या बारात बसतात, पाच द्या.’ कंपनी म्हणते, तुम्ही शंभरातल्या साठ भागांचाच हप्ता भरला, उरलेल्या चाळीस भागांची विमा कंपनी तुम्ही स्वतः. म्हणून १२ भागिले २०, गुणिले ५, म्हणजे ३ लाख. याला सरासरीची अट म्हणतात. हा ‘सरासरी’ शब्द फसवा आहे, सरासरी काढायला जाऊ नका.

सूत्र डोक्यात असं ठेवा: नुकसान गुणिले विम्याची रक्कम, भागिले खरी किंमत. खरी किंमत नेहमी खाली. मी घाईत उलटं केलं होतं आणि उत्तर नुकसानीपेक्षाही मोठं आलं. तेव्हाच ‘नफा होतोय का?’ विचारलं असतं तर चूक लगेच दिसली असती.

नवीन पॉलिसींत इथे सवलत आहे आणि प्रश्न तिच्यावर बेततात. भारत गृह रक्षामध्ये कमी रकमेच्या विम्याची कपात माफ आहे. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी असलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षामध्ये १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ. ५ ते ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा लागते. तिन्ही नावं जवळजवळ सारखी आहेत, आकड्यांवरून ओळखा.

५. नफा अडवणारे तिघे

विमायोग्य हितसंबंध. वस्तू गेली तर तुमचं पैशाचं नुकसान होतं का? होत असेल तरच तिचा विमा तुम्हाला काढता येतो. नाहीतर शेजाऱ्याच्या घराचा विमा काढून आगीची वाट बघत बसणं हा जुगारच झाला. मालकाला हा हक्क असतो हे उघड आहे. पण कर्ज दिलेल्या बँकेलाही असतो, कर्जाच्या रकमेपुरता. दुरुस्तीला आलेल्या गाड्यांवर गॅरेजवाल्याला असतो, ताब्यातल्या मालावर वाहतूकदारालाही.

परीक्षेचा आवडता प्रश्न: हा हितसंबंध कधी असायला हवा? आयुर्विम्यात पॉलिसी घेताना. आगीच्या विम्यात घेतानाही आणि नुकसानीच्या वेळीही. सागरी विम्यात नुकसानीच्या वेळी, कारण माल समुद्रात असतानाच मालकी बदलत राहते. हे तीन ओळींत लिहून भिंतीवर लावा.

ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधला १९२५ चा मकौरा खटला इथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. या गृहस्थांनी आपलं लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकलं होतं. कंपनीचे जवळजवळ सगळे शेअर यांचेच. विमा मात्र स्वतःच्या नावावर ठेवला. लाकूड जळालं आणि दावा फेटाळला गेला, कारण लाकूड कंपनीचं होतं, भागधारकाचं नव्हे. आपल्याकडेही दुकान ‘अँड सन्स’च्या नावावर आणि पॉलिसी वडिलांच्या नावावर, असं सर्रास असतं.

गाडी विकली की काय? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५७ प्रमाणे तिऱ्हाइताच्या नुकसानीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जातं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं जात नाही. त्यासाठी नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून माणसाचा असतो, तो जुन्या मालकाबरोबर जातो. २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा तो वर्षागणिक चढतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की गेला.

प्रत्यासन, म्हणजे सबरोगेशन. ट्रकने दुकानाची भिंत पाडली. दुकानदाराला विमा कंपनीने २ लाख दिले. आता त्याने ट्रकमालकाकडूनही २ लाख घेतले तर? नफा झाला. म्हणून पैसे दिल्यावर ट्रकमालकाविरुद्धचा हक्क विमा कंपनीकडे जातो, पण कंपनीने जितकं दिलं तितक्यापुरताच. जळालेल्या मालाचं भंगार, म्हणजे साल्व्हेज, त्याचाही हिशेब याच न्यायाने होतो.

१८८३ चा कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन हा खटला म्हणजे या तत्त्वाचं चित्रच. मालकाने घर ३,१०० पौंडांना विकायचं ठरवलं. व्यवहार पुरा होण्याआधी आग लागली आणि कंपनीने ३३० पौंड दिले. नंतर खरेदीदाराने ठरलेली पूर्ण किंमत मोजली. न्यायालयाने सांगितलं, ३३० पौंड परत करा.

दोन गोष्टी चुकतात. एक, वैयक्तिक अपघात विम्यात प्रत्यासन नाही, कारण तो नुकसानभरपाईचा करारच नाही. गाडीने उडवलेल्या माणसाला त्याच्या पॉलिसीचे पैसेही मिळतात आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाकडून भरपाईही. दोन, व्यवहारातली: अपघात झाल्यावर चार माणसं जमतात, ट्रकवाला पाच-दहा हजार हातावर ठेवतो आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून घेतो. त्या कागदाने कंपनीचा हक्क बुडतो आणि ग्राहकाचा दावा अडचणीत येतो. तुमच्या ग्राहकांना हे पॉलिसी देतानाच सांगा.

अंशदान, म्हणजे काँट्रिब्यूशन. २५ लाखांच्या मालाचा एका कंपनीकडे १० लाखांचा आणि दुसरीकडे १५ लाखांचा विमा. नुकसान ५ लाख. दोघींकडून पाच-पाच नाही. पहिली २ लाख देते, दुसरी ३ लाख, रकमेच्या प्रमाणात. अट अशी की दोन्ही पॉलिसी चालू हव्यात आणि वस्तू, संकट व हितसंबंध तेच हवेत. घरमालकाने इमारतीचा विमा काढला आणि भाडेकरूने आपल्या सामानाचा, तर इथे अंशदान नाही, कारण वस्तूच वेगळ्या.

६. परम सद्भाव: फॉर्म कोण भरतं यावर सगळं अवलंबून

भाजी घेताना ग्राहक हाताळून, वास घेऊन बघतो. विम्यात कंपनीला तसं बघता येत नाही, जोखमीची माहिती ग्राहकाकडेच असते. म्हणून विचारलं नसलं तरी महत्त्वाची गोष्ट त्याने सांगायची. महत्त्वाची म्हणजे कोणती? जिच्यामुळे कंपनी विमा द्यायचा की नाही किंवा हप्ता किती लावायचा, हे वेगळं ठरवेल ती.

काय सांगावं लागत नाही, हे जास्त विचारतात: जोखीम कमी करणारी गोष्ट, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, कायदा, आणि कंपनीने ज्याची चौकशी स्वतःहून सोडून दिली ती गोष्ट. दुकानात आग विझवायची यंत्रणा आहे हे लपवलं तर सद्भाव मोडत नाही, फक्त सवलत हुकते.

मध्येच जोखीम बदलली तरी कळवायचं. गाडीला सीएनजी किट बसवलं आणि पॉलिसीत नोंद केली नाही, हा रोजचा प्रकार. आगीच्या प्रमाणित व्यावसायिक पॉलिसीत इमारत ३० दिवसांहून जास्त काळ रिकामी राहिली आणि कंपनीची संमती घेतलेली नसली, तर संरक्षण थांबतं.

माझं मत विचाराल तर एजंटच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचं तत्त्व हेच. प्रस्ताव अर्ज आपण भरतो, ग्राहक फुलीच्या खुणेवर सही करतो. ‘आधी कुठल्या कंपनीने नाकारलंय का?’ याला आपण न विचारताच ‘नाही’ लिहितो. दावा नाकारला जातो तेव्हा ग्राहक कंपनीच्या नव्हे, आपल्या दारात येतो. आचारसंहितेतही हे स्पष्ट आहे, ग्राहकाला माहिती दडवायला लावू नये. परीक्षेत यावर सरळ एक गुण मिळतो.

७. आसन्न कारण: शेवटचं नव्हे, जोर असलेलं

इथे ‘जवळचं’ या शब्दाने घोळ होतो. काळाने जवळचं कारण शोधायचं नसतं. ज्याने घटनांची साखळी सुरू केली आणि मध्ये नवं स्वतंत्र कारण न येता परिणाम घडवला, ते शोधायचं.

जानेवारी १९१५, पहिलं महायुद्ध. ‘इकारिया’ नावाच्या जहाजाला टॉर्पेडो लागला. ते कसंबसं फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात आणलं. वादळ आलं, जहाज धक्क्यावर आपटू लागलं, इथेच बुडालं तर बंदर अडेल म्हणून बाहेरच्या बाजूला हलवलं. तिथे ओहोटीला ते जमिनीला टेकायचं, भरतीला उचललं जायचं. शेवटी मोडून बुडालं. पॉलिसीत समुद्राचे धोके होते, युद्धाचे वगळलेले. मालक म्हणाले, समुद्राने बुडवलं. १९१८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की टॉर्पेडोने बुडवलं. जहाज त्या जखमेतून कधी सुटलंच नव्हतं. दावा नामंजूर.

उलटं उदाहरण १९०९ चं. शिकारीला गेलेला माणूस घोड्यावरून पडला, ओल्या जमिनीवर भिजला, तसाच घोड्यावर बसून परतला, न्यूमोनिया झाला आणि गेला. पॉलिसी अपघाताची. इथे न्यूमोनिया शेवटचा असला तरी कारण अपघात. दावा मंजूर. हे दोन खटले समजले की या धड्यावरचा प्रश्न सहसा चुकत नाही.

आता आपल्या गोदामात या. आग लागली, बंबाच्या पाण्याने न जळालेलं कापड भिजलं: कारण आग, नुकसान देय. कापसाच्या गंजीला आतल्या आत उष्णता वाढून आपोआप आग लागली: त्या गंजीचं नुकसान आगीच्या पॉलिसीत वगळलेलं, पण तीच आग शेजारच्या यंत्रावर पसरली तर यंत्राचं देय. आगीच्या गोंधळात चोरी झाली: भारत गृह रक्षामध्ये घटनेपासून सात दिवसांतली अशी चोरी धरतात.

८. किरकोळ पण गुणांचं

संकट म्हणजे ज्यामुळे नुकसान होतं ते, उदाहरणार्थ आग. हॅझर्ड म्हणजे त्या संकटाची शक्यता वाढवणारी परिस्थिती. गोदामात रॉकेलचे डबे हा भौतिक हॅझर्ड, मालक लबाड असणं हा नैतिक. ‘विमा आहे ना, मग कशाला कुलूप’ ही बेफिकिरी तिसरी, तिला लबाडीत टाकू नका.

एजंट कंपनीचा प्रतिनिधी, ब्रोकर ग्राहकाचा. दोघांची अदलाबदल हा जुना सापळा.

विमा कायदा १९३८ चा. त्यातलं कलम ६४-व्हीबी: हप्ता आधी मिळाल्याशिवाय जोखीम सुरू नाही. कलम ४१: कमिशनमधून ग्राहकाला सूट देणं गुन्हा. कलम ४५ वर तीन वर्षांचा नियम विचारला तर तो फक्त आयुर्विम्याचा. आयआरडीए, म्हणजे विमा क्षेत्राची नियामक संस्था, तिचा कायदा १९९९ चा, मुख्यालय हैदराबादला. सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७२ चा, अंमल १ जानेवारी १९७३ पासून, १०७ विमा संस्थांच्या चार कंपन्या झाल्या: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण १९५६ चं, म्हणजे आधीचं. भोपाळनंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. मोटारीचा तिऱ्हाइतासाठीचा विमा कलम १४६ मुळे सक्तीचा, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तो तीन वर्षांचा व नव्या दुचाकीला पाच वर्षांचा घ्यावा लागतो.

९. परीक्षेच्या दिवशी

प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र न्या, मोबाइलमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका. अर्धा तास आधी पोहोचा. पहिल्या फेरीत सनावळी आणि व्याख्यांचे छोटे प्रश्न उरका, गोष्टीचे आणि गणिताचे दुसऱ्या फेरीला ठेवा. ‘पुढीलपैकी कोणते नाही’ यातला ‘नाही’ वाचायचा राहतो. पहिल्या वेळी मला कमी पडलेल्या दोन गुणांपैकी एक तरी नक्की तिथेच गेला असणार. एकही प्रश्न कोरा सोडू नका, चुकीला दंड नाही.

१०. पास झाल्यावर

उत्तीर्ण प्रमाणपत्र पहिल्या नियुक्तीसाठी १२ महिने चालतं. तेवढ्यात नियुक्ती झाली नाही तर पुन्हा परीक्षा. प्रमाणपत्र म्हणजे परवाना नाही. कंपनीचं नियुक्तिपत्र आणि एजन्सी कोड हाती येईपर्यंत विमा विकायचा नाही, हप्ताही स्वीकारायचा नाही.

माझा निकाल कळला त्याच संध्याकाळी मावसभाऊ टेम्पोच्या विम्याचा चेक घेऊन आला. ‘ठेव तुझ्याकडे, कोड आला की भर.’ त्याची जुनी पॉलिसी चार दिवसांनी संपत होती. चेक माझ्या कपाटात राहिला असता, तर ६४-व्हीबीप्रमाणे पाचव्या दिवसापासून टेम्पो रस्त्यावर विम्याविना धावला असता. त्याला म्हटलं, यंदा तुझ्या जुन्या एजंटकडेच भर. तो जरा रागावून गेला. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला आला तेव्हा नो क्लेम बोनस २० टक्के झाला होता.